घरातील पहिले पिस्तूल

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पौड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलांचे शिक्षण, लग्नकार्यातील खर्च, वसतिगृहाचा निधी हे संमेलनाचे नेहमीचे विषय. आज आम्ही जो विषय घेऊन उभे राहिलो आहोत, तो पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु तो आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या घरी चालत आला.

गेल्या खंडेनवमीस आमच्या माजघरात पूजा मांडली होती. पाटावर कोयता, विळे, नांगराचा फाळ आणि सुताराची हत्यारे होती. नात्यातील एक तरुण नमस्कार करून जवळ बसला आणि म्हणाला, "काका, पूर्वी या पाटावर तुमचे रिव्हॉल्व्हर असे. ते हल्ली दिसत नाही ते का? आणि मला पहिल्यानेच घ्यायचे आहे, तर स्वस्तातले आणि सगळ्या कामांस उपयोगी पडेल असे कोणते घेऊ?" त्याच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आम्ही त्या दिवशी थोडेबहुत दिले. पहिल्याचे दिले नाही. आज दोन्ही प्रश्नांचा विचार आपणांसमोर करण्याचा मानस आहे; कारण हा प्रश्न त्या एका तरुणाचा नाही. हिंजवडीपासून ताम्हिणीपर्यंत जमिनीचे भाव ज्या वेगाने चढले, त्या वेगाने कमरेस हत्यार असावे ही हौसही वाढली आहे.

प्रथम ‘सगळ्या कामांस उपयोगी’ या शब्दांकडे वळू. आपल्या माणसास हत्यार लागते ते कोणत्या कामासाठी? पहिले कारण सांगितले जाते ते रानडुकराचे. भाताचे खाचर एका रात्रीत उद्ध्वस्त झालेले ज्याने पाहिले आहे, त्याचा संताप आम्ही समजू शकतो. परंतु पिस्तूल हे त्या कामाचे हत्यारच नव्हे. आखूड नळीच्या हत्याराने अंधारात धावत्या डुकरावर नेम धरणे म्हणजे डुकरास जखमी करून अधिक भयंकर करणे होय. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे, आणि ती अपुरी पडते असे अधिकाऱ्याची खात्री पटल्यास मागून भरावयाची साध्या नळीची बंदूकही मिळू शकते. तरीसुद्धा बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्य प्राण्यास मारण्यापूर्वी १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाखाली वनखात्याची अनुज्ञा घ्यावी लागते. सारांश, ज्याचे दुखणे शेतातले आहे त्याने पिस्तुलाचा विचार येथेच सोडावा.

दुसरे कारण नेमबाजीच्या छंदाचे. हा छंद उत्तम; परंतु त्याचाही मार्ग वेगळा आहे. मुळशीच्या उंबरठ्यावर बालेवाडीस नेमबाजीचे मैदान आहे. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, हे आपण वाचले असेलच. अशा मार्गास लागणाऱ्या मुलामुलींनी ०.१७७ बोअरच्या, मर्यादित जोराच्या हवेच्या पिस्तुलापासून आरंभ करावा. त्यास परवाना लागत नाही, खर्च बेताचा येतो, आणि हात व मन दोन्ही स्थिर होतात. आमचे तर असे मत आहे की, ज्यास पुढे खरे पिस्तूल घ्यावयाचे आहे त्यानेही आधी सहा महिने येथेच घालवावे. कित्येकांची हौस एवढ्यावरच फिटेल.

उरले तिसरे कारण, आत्मसंरक्षण. ज्यांची सराफी पेढी आहे, ज्यांस रोकड घेऊन फिरावे लागते, किंवा ज्यांचे घर वस्तीपासून दूर घाटाच्या तोंडाशी आहे, अशा ज्ञातिबांधवांची गरज आम्ही नाकारीत नाही. पुढील विवेचन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

परवान्यासाठी अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वैद्यकीय प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र आणि ते घरात सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. शिवाय पोलिसांची चौकशी होते. अर्ज कोठे करावा याविषयी आपल्या तालुक्यात नेहमी घोटाळा होतो. हिंजवडीकडील भाग १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाखाली आहे. तेथे परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त. पौडचा व त्यापलीकडील भाग पुणे ग्रामीण पोलिसांकडे असून तेथे हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. आपले घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते हे आधी पाहावे, म्हणजे निष्कारण हेलपाटे पडत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली, आणि एका माणसास ठेवता येणाऱ्या बंदुकी-पिस्तुलांची संख्या तीनवरून दोनवर आली. वारसाने आलेले हत्यारही या दोहोंतच मोजले जाते.

आता निवडीकडे येऊ. सैन्य व पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. परदेशी हत्यारांची सामान्य खरेदीसाठीची आयात १९८० नंतरच्या दशकातच बंद झाली. जुनी विलायती पिस्तुले परवानाधारकांत हस्तांतरित होतात, परंतु त्यांचे मोल वस्तूपेक्षा दुर्मिळतेचे असते, आणि मोडल्यास सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून पहिल्या खरेदीदाराची निवड बहुधा ०.३२ बोअरवर येऊन थांबते. या बोअरमध्ये सरकारी कारखान्यांचे जुन्या विलायती धाटणीचे रिव्हॉल्व्हर पुष्कळ वर्षे मिळत आले आहे. २०१४ साली कानपूरहून ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे हलके रिव्हॉल्व्हर आले. त्याची किंमत तेव्हाच सुमारे सव्वा लाख रुपये होती. २०२३ साली ‘प्रबल’ आले. त्याची नळी ७६ मिलिमीटरची असून काडतुसांचे चाक बाजूस उघडते. खासगी कारखानेही आता रिव्हॉल्व्हर करू लागले आहेत. पिस्तुलात याच बोअरचे ‘अशनी’ आहे. मात्र बोअर एकच म्हणून रिव्हॉल्व्हरचे काडतूस पिस्तुलास चालते असे समजू नये. दोहोंची लांबी व घडण वेगळी असते. परवान्यावर आणि दुकानातील पावतीवर कोणत्या हत्याराची काडतुसे लिहिली आहेत हे डोळ्यांखालून घालावे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? पहिल्या खरेदीस आम्ही रिव्हॉल्व्हर सुचवू. पिस्तुलात काडतुसे अधिक बसतात व ते चपटे असल्याने अंगावर दिसत नाही, हे खरे. परंतु पिस्तुलाचे मॅगझीन काढले म्हणजे ते रिकामे झाले असा नवख्याचा समज होतो, आणि नळीत एक काडतूस तसेच राहते. पुष्कळ अपघातांचे मूळ यातच आहे. रिव्हॉल्व्हर उघडले की सर्व घरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. एखादे काडतूस न फुटल्यास पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येते. पिस्तुलात तो अडथळा हाताने काढावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाचा हात त्या वेळी चालत नाही. अगदी हलके हत्यारही भुलवणारे असते. खिशास ते सोयीचे, पण उडविताना झटका अधिक देते. दुकानात मूठ हातात पूर्ण बसते की नाही, चाप ओढताना नळी हलते की नाही, आणि चाक प्रत्येक घरावर घट्ट थांबते की नाही, या तीन गोष्टी पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.

‘स्वस्त’ या शब्दाचाही हिशेब करू. हत्याराच्या किमतीत भिंतीस पक्की बसविलेली तिजोरी, परवान्याचे शुल्क, शिक्षण आणि दरवर्षी सरावासाठी लागणारी काडतुसे मिळवा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आपल्या शेजारी असला, तरी काडतुसे आपणांस परवान्यावरील मर्यादेतच मिळतात. सराव न करता तिजोरीत ठेवलेले हत्यार हे खरे महाग हत्यार. आणि या सर्वांहून स्वस्त म्हणून जो गावठी कट्टा कानाशी लागून विकला जातो, त्याची खरी किंमत दोन ते पाच वर्षांचा कारावास व दंड ही आहे. शिवाय तो हातातच फुटण्याचा संभव निराळा.

घेतल्यानंतरची बंधनेही ध्यानात ठेवावी. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. परवानाधारक निवर्तल्यास वारसांनी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले पाहिजे. कपाटात ‘वडिलांची आठवण’ म्हणून ठेवणे हा गुन्हा आहे. वरातीत हवेत गोळी झाडून कोणाच्या जिवास धोका उत्पन्न करणाऱ्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आमच्या भगिनींनी आपल्या घरच्या कार्यात हे कठोरपणे बजावावे.

आता तरुणाच्या पहिल्या प्रश्नाकडे. आमचे रिव्हॉल्व्हर पाटावर का नाही?

काही वर्षांपूर्वी आमचा आणि आमच्या चुलतबंधूंचा एका बांधावरून वाद झाला. पूर्वी त्या बांधावर दोन्ही घरची गवताची पेंढी पडत असे आणि कोणी मोजीत नसे. जमिनीस भाव आला आणि हातभर बांधाचे मोल लाखांत गेले. एके संध्याकाळी शब्दास शब्द वाढून ते आमच्या अंगणात आले. त्यांच्या हातात काठी होती. आम्ही आत गेलो आणि तिजोरी उघडली. हे सांगताना आज आम्हांस लाज वाटते, परंतु सांगणे अवश्य आहे. शिक्षण देणाऱ्या गृहस्थांनी घालून दिलेला एक नियम आम्ही पाळीत असू: हत्यार एका कुलुपात, काडतुसे दुसऱ्या कुलुपात, आणि त्या कुलपाची किल्ली माळ्यावर. आम्ही माळ्याच्या शिडीवर चढलो. तेवढ्यात आमच्या मातोश्री शिडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, त्याला मीच न्हाऊ घातले आहे."

आम्ही शिडीवरून रिकाम्या हातांनी उतरलो. पुढे भूमी अभिलेख खात्याकडून रीतसर मोजणी झाली आणि दोन्ही घरांनी ती मान्य केली. परंतु त्या संध्याकाळी तिजोरीच्या दाराचा आवाज अंगणात गेला होता. बंधूंनी तो ऐकला होता. गोळी सुटली नाही, तरी ते दीड वर्ष आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मातोश्री गेल्या तेव्हा आले. त्यानंतर आम्ही रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकले आणि परवाना कार्यालयात परत केला.

जमिनीच्या वादात हत्यार काय करते हे आपल्या तालुक्याने पाहिले आहे. जुलै २०२४ मध्ये मुळशीतील एका शेतजमिनीच्या वादात पिस्तूल दाखविल्याचे चित्रीकरण देशभर फिरले आणि पौड पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला. त्यातील खरे-खोटे न्यायालय ठरवील. परंतु कायदा आपण सर्वांनी जाणला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वीप्रमाणेच आहे, आणि त्याच्या मर्यादाही पूर्वीप्रमाणेच आहेत. आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही. पोलिसांकडे जाण्यास अवसर असेल तर तो हक्क उरत नाही. आणि केवळ आपल्या शेतात पाऊल टाकले म्हणून कोणाचा प्राण घेता येत नाही. बांधाच्या, वाटेच्या, वाटणीच्या भांडणास पिस्तूल हे उत्तर कायद्यात कोठेच नाही. आणि आपल्याकडील बहुतेक भांडणे याच जातीची, घरच्याच माणसांशी असतात.

म्हणून त्या तरुणास, आणि त्याच्या वयाच्या येथे बसलेल्या सर्वांस, आमचे सांगणे येणेप्रमाणे आहे. डुकरासाठी पिस्तूल नको. छंदासाठी हवेचे पिस्तूल पुरे. प्रतिष्ठेसाठी तर काहीच नको. जिवास खरोखरीचा धोका असेल तर रीतसर परवाना काढून ०.३२ चे साधे, मजबूत, मुठीत बसणारे रिव्हॉल्व्हर घ्यावे, शिकावे आणि दोन कुलुपांत ठेवावे. आणि ते घेण्यापूर्वी ज्या माणसाची भीती वाटते त्याचे नाव स्वतःशी उच्चारून पाहावे. ते नाव आपल्याच घराण्यातील निघाले, तर दुकानाची वाट सोडून मोजणीच्या कार्यालयाची वाट धरावी. तेथील शुल्कही कमी आहे.