तंबूतला सामरी

(रेडिओवरील भाषण)

एक जुना दरवाजा कुरकुरत उघडतो. वारा सुटतो. लांब कुठंतरी कुत्रं रडतं आणि घुंगरांचा आवाज हळूहळू जवळ येतो. एवढंच मी बोललो, तरी तुमच्यातल्या अनेकांच्या डोळ्यांपुढं एक हवेली उभी राहिली असेल. निळा उजेड, जमिनीलगत सरकणारा धूर आणि हातात कंदील घेऊन जिना उतरणारा म्हातारा नोकर. रामसे बंधूंचे सिनेमे पाहत वाढलेल्या माणसांना एवढी खूण पुरते. कमी पैशांत, घाईघाईनं उरकलेले सैतानाचे सिनेमे, अशीच त्यांची सगळीकडं ओळख आहे. मला ते लहानपणापासून आवडतात. ते का आवडतात, हेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

'पुराना मंदिर' मी पहिल्यांदा पाहिला तो पुसेगावच्या यात्रेत, तंबूत. सेवागिरी महाराजांची ही यात्रा मार्गशीर्षात, ऐन थंडीत भरते. सिनेमा १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये लागला होता, पण आमच्याकडं रिळं यायला दोन हिवाळे गेले. तोवर पडद्यावर रेघांचा पाऊस पडायला लागला होता. दिवसभर जीपवर भोंगा बांधून पुकारा चालायचा आणि दिवेलागणीला तंबूच्या खिडकीपाशी झुंबड उडायची. खाली माती, एका बाजूला बायका, एका बाजूला गडी आणि मधे ताणलेला दोर. पोस्टरवर 'फक्त प्रौढांसाठी' असं लिहिलेलं होतं, पण आजीचं बोट धरून आलेल्या पोराला दारावरचा माणूस अडवत नसे. मी बायकांत, आजीच्या मांडीला टेकून बसलो. बाहेर जनरेटरची घरघर चालू होती. सामरीचा, म्हणजे त्यातल्या राक्षसाचा, चेहरा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा ती घरघरही ऐकू येईनाशी झाली, इतका मोठा आवाज त्या पाच-सातशे माणसांच्या तोंडून एकदम निघाला. किंचाळल्यावर सगळे हसले. मग आपापली घोंगडी सावरून पुढं काय होतंय याची वाट बघत बसले.

त्या हसण्याकडं मी पुढं परत येणार आहे. आधी हे सिनेमे ज्यांनी केले त्यांच्याबद्दल बोलू.

रामसे घराणं मूळचं रेडिओवालं, हे रेडिओवरून बोलताना आवर्जून सांगायला हवं. या भावांचे वडील फतेचंद यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. आडनाव रामसिंघानी. ते गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याचं 'रामसे' झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचंच दुकान थाटलं. फतेचंदांना सिनेमाचा नाद होता. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला. त्यात पृथ्वीराज कपूर होते. सिनेमा पडला. मात्र त्यात एक प्रसंग असा होता की पृथ्वीराज भेसूर मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करतात आणि पोलिसांच्या गोळ्या त्यांच्या अंगाला लागून खाली पडतात. मुलांनी थेटरात बसून प्रेक्षकांवर नजर ठेवली. त्यांच्या ध्यानात आलं की माणसं तेवढ्या एका प्रसंगासाठी येतात आणि तो झाला की उठून जातात. सिनेमा कोसळला तरी त्यातली भीती चालली होती! दुकानदाराच्या मुलांना गिऱ्हाइकाला काय हवं ते बरोबर कळलं.

कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन असे सात भाऊ. यातला कुणी सिनेमाच्या शाळेत गेला नाही. जोसेफ मॅस्केली यांचं छायाचित्रणावरचं एक पुस्तक त्यांनी काश्मीरमध्ये हाऊसबोटीवर मुक्काम करून घोटून घेतलं. मग कामं वाटली गेली. गंगूनं कॅमेरा घेतला, किरणनं आवाज, कुमारनं लेखन, अर्जुननं संकलन, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शनाला उभे राहिले. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. महाबळेश्वरला एक गेस्ट हाऊस घेतलं, मुंबईहून बसनं माणसं नेली आणि सुमारे चाळीस दिवसांत, साडेतीन लाख रुपयांत सिनेमा पुरा केला. घरच्या बायका युनिटचं जेवणखाण बघत. शेतावर सुगीला सगळं घर राबतं, तसं हे घर भीतीच्या पिकावर राबत होतं.

पैसा नाही म्हटल्यावर सेट कुठून उभारणार? म्हणून ते खऱ्या वाड्यांत गेले. मुरुडला समुद्राकडं तोंड करून उभा असलेला नबाबांचा राजवाडा त्यांच्या कॅमेऱ्यानं पाहिला. सह्याद्रीतलं खरं धुकं पाहिलं. ओल येऊन पोपडे धरलेली जुनी भिंत किती जिवंत असते, हे कोकणात किंवा घाटावर ज्याचं घर आहे त्याला सांगायला नको. महागड्या स्टुडिओत रंगाऱ्याकडून रंगवून घेतलेल्या भिंतीला तो ओलसर वास येत नाही. जिथं दाखवायला काही नव्हतं तिथं त्यांनी आवाजावर काम भागवलं. रेडिओ दुरुस्त होताना बघत मोठी झालेली मुलं ती. मोकळ्या खोलीतलं पाऊल आणि माणसांनी भरलेल्या खोलीतलं पाऊल यांतला फरक त्यांच्या कानाला कळत होता. सैतान दिसायच्या आधीची दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. त्या दहा मिनिटांत मला आजही धडकी भरते.

आणि मग सैतान दिसतो. इथं लोक नाक मुरडतात. रंग लावलेला कळतो, रबर कळतं, नखं चिकटवलेली कळतात. मला यात कमीपणा वाटत नाही. दशावतारात संकासुर येतो तेव्हा त्याचा मुखवटा कापडाचा आहे हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बोहाड्यातली सोंगं कागदाच्या लगद्याची असतात, हेही ठाऊक असतं. तरी मशालीच्या उजेडात ते सोंग नाचत अंगावर आलं की पोरं आईच्या पदरात शिरतात. माणसाच्या हातानं घडवलेलं सोंग समोर आलं की पाहणाराही आपल्या बाजूनं थोडी भर घालतो. पडदा, मुखवटा आणि आपण, तिघं मिळून तो सैतान उभा करतो.

'पुराना मंदिर'मधल्या सामरीला तर मुखवट्याचं ओझंही फारसं लागलं नाही. अनिरुद्ध अगरवाल, पडद्यावरचं नाव अजय अगरवाल, हे रुरकीला इंजिनिअरिंग शिकलेले गृहस्थ. सहा फुटांहून पुष्कळ उंच, लांबट हाडकुळा चेहरा, खोल गेलेले डोळे. दुसऱ्या कुणी असा चेहरा आयुष्यभर लपवला असता. त्यांनी त्या चेहऱ्यावर काम केलं. त्यांचा सामरी सावकाश चालतो, थांबतो, मान वळवतो आणि आपल्याकडं बघतो. तेवढ्या बघण्यावर त्यांनी सिनेमा पेलला. १९८५ च्या 'सामरी'त, १९९० च्या 'बंद दरवाजा'त तेच होते आणि १९९४ च्या 'बँडिट क्वीन'मधला बाबू गुज्जरही त्यांचाच. नायकांची नावं लोक विसरले. सामरीचं नाव अजून कुणी विसरलेलं नाही.

आता कथा. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाचा राक्षस गावोगाव धुमाकूळ घालत असतो. राजा त्याला पकडतो, मुंडकं तोडून पेटीत बंद करतो आणि धड देवळामागं पुरतो. मरताना सामरी शाप देतो की या कुळातली बाई बाळंतपणात मरेल. पुढं कुळातल्या मुलीचं लग्न ठरायची वेळ येते आणि बाप घाबरतो. पुढचं सगळं या शापावर चालतं.

हा शाप ऐकताना तंबूतला बायकांचा भाग अगदी गप्प झाला होता, हे मला नीट आठवतं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मला फक्त पेटीतलं मुंडकं दिसत होतं. रात्री दीड वाजता शेकोट्यांच्या कडेनं आम्ही घराकडं निघालो तेव्हा मी आजीला विचारलं, "आजे, सामरी खरा असतो का गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझी थोरली भन बाळंतपणात गेली. तवा कुनी सामरी नव्हता. रातच्याला बैलगाडी मिळाली न्हाई, म्हणून गेली." आणि थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "ह्यो मेला डोळ्यानं दिसला तरी. जाळता तरी आला."

या सिनेमांवर नंतर मी पुष्कळ वाचलं, पण आजीच्या त्या दोन वाक्यांपलीकडं मला कुणी नेलं नाही. आपल्याकडची भुतं आठवून पाहा. अळवंतीण म्हणजे गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई. मुंज झाल्यावर लग्नाआधीच मेलेल्या पोराचा मुंजा होतो. पाण्यात बुडालेल्याचा गिऱ्हा होतो. धनात जीव अडकून गेलेला समंध होऊन बसतो. गावात अवेळी झालेल्या प्रत्येक मरणाला आपल्या लोकांनी एक नाव दिलं, एक झाड दिलं, एक ओढा दिला. ज्या दुःखाला तोंड नव्हतं त्याला तोंड दिलं. रामसेंचे सैतान याच घराण्यातले आहेत. त्यांचा चेहरा रबराचा असेल, पण त्याखालची भीती माझ्या आजीच्या बहिणीची होती. म्हणून तंबूत बसलेल्या बाईला ती ओळखीची वाटली. शेवटी त्रिशूळ आला, आग लागली आणि सामरी जळाला, तेव्हा त्या बायका ज्या जोरानं टाळ्या वाजवत होत्या तो जोर मी विसरू शकत नाही.

या सिनेमांत जे वाईट आहे तेही सांगितलं पाहिजे. बाईला स्नानघरात नेल्याशिवाय यांचा सिनेमा पुढं सरकत नाही. हे तिकीट खपवायला केलेलं आहे आणि ते मला पटत नाही. ज्या प्रेक्षक बायकांनी या सिनेमांवर एवढा जीव लावला, त्यांच्याच शरीराला यांनी आमिष केलं. 'पुराना मंदिर'मध्ये ललिता पवार आणि सदाशिव अमरापूरकरांसारखे कसलेले मराठी नट आहेत, त्यांच्या वाट्यालाही फारसं काही आलेलं नाही. जगदीपचा डाकूचा विनोदी भाग तर कात्री लावून बाजूला काढला तरी चालेल.

पुढं १९९३ साली तुलसी आणि श्याम यांनी हीच भीती 'झी हॉरर शो'मधून थेट घरात आणली. त्याच वर्षी महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. बीज 'चाइल्ड्स प्ले' या परदेशी सिनेमाचं, पण त्यातला तात्या विंचू हा बाहुला पूर्ण मराठी झाला, तो रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यामुळं आणि दिलीप प्रभावळकरांमुळं. तो बाहुला कुणीतरी आतून हलवतंय हे पोरांना कळत होतं, आणि तरी घरातल्या बाहुल्या रात्री कपाटात कोंडल्या जात होत्या. इथंही हातानं केलेलं भूतच मनात राहिलं.

तुलसी रामसे २०१८ च्या डिसेंबरमध्ये गेले, श्याम २०१९ च्या सप्टेंबरमध्ये. आज त्यांच्या सिनेमांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे लोक मोबाईलवर एकमेकांना पाठवतात आणि हसतात. तंबूतली माणसंही हसली होती, पण आधी घाबरून, शेजारच्याचा हात धरून. घाबरलो, तरी आपण सगळे इथंच आहोत, हे एकमेकांना सांगणारं ते हसणं होतं. एकट्यानं तुकडा बघून ते हसू येत नाही. म्हणून माझी विनंती आहे. एखाद्या शनिवारी रात्री घरातली जाणती माणसं एकत्र बसवा, दिवे घालवा, आवाज मोठा करा आणि 'पुराना मंदिर' सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवा. आणि सिनेमा संपल्यावर त्याला विचारा, तुमच्या गावात कुठलं भूत होतं, आणि ते कुणाचं होतं.