जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटीचा गिअर आणि त्याची चिकित्सा



सरोवरांवरचे बर्फ वितळले, की मिशिगन आणि विस्कॉन्सिन ह्या प्रांतांत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी हौसेने एखादी जुनी बोट घेतली आहे, त्यांची ती हिवाळाभर ताडपत्रीखाली झाकलेली बोट पाण्यात उतरविण्याची लगबग सुरू होते; आणि ह्याच सुमारास धक्क्यावरून निघताना गिअर पडत नाही, किंवा पडलेला गिअर निघत नाही, किंवा गिअर काढताक्षणीच इंजिन बंद पडते, अशा तक्रारी कानांवर येऊ लागतात. ह्या तिन्ही तक्रारींचा उगम बहुधा एकाच ठिकाणी असतो, आणि ते ठिकाण गिअरची पेटी नव्हे, हे प्रतिपादन करण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे.

स्टर्नड्राइव्ह रचनेत इंजिन बोटीच्या आत, पिछाडीच्या फळीला लागून बसविलेले असते, आणि प्रोपेलर व त्याची दंतचक्रे फळीबाहेर लोंबणाऱ्या पायात असतात. स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने १९५९ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ॲक्वामॅटिक ह्या नावाने ती लोकांपुढे ठेवली. तिच्या कल्पनेचे श्रेय जिम विन ह्या अमेरिकन अभियंत्याकडे जाते, आणि हा विन पूर्वी ज्यांच्या पदरी नोकरीस होता त्या कार्ल कीकहेफर ह्यांनी १९६१ साली मर्क्रूझर हे आपले यंत्र पुढे आणले. जुन्या बोटींत ह्या मर्क्रूझरच्या अल्फा वन नमुन्याचा भरणा मोठा असल्यामुळे मुख्य विवेचन त्याच्यासंबंधीच करतो.

अल्फाच्या पायात, अगदी तळाशी, पुढे नेणारे आणि मागे नेणारे अशी दोन दंतचक्रे इंजिन चालू असेतोवर परस्परविरुद्ध दिशांनी अखंड फिरत असतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये प्रोपेलरच्या दांड्यावर दात्यांचा एक सरकता क्लच असतो, जो ज्या चक्रात अडकेल त्या दिशेने बोट जाते. परंतु इंजिनाचा जोर चालू असताना हे दाते एकमेकांवर असे घट्ट दाबले गेलेले असतात, की त्यांना सुटे करणे हाताच्या बळाला साधणारे नसते. म्हणून इंजिनावरील शिफ्ट प्लेटवर एक लहानसा स्विच योजलेला आहे. गिअर काढताना केबलला प्रतिकार जाणवला, की तो निमिषमात्र इग्निशन तोडतो, इंजिन किंचित अडखळते, दात्यांवरील दाब सुटतो आणि क्लच अलगद बाहेर सरकतो. इतकी साधी आणि इतकी नेमकी तजवीज यंत्रशास्त्रात क्वचितच आढळते.

आता दोष कोठे शिरतो ते पाहा. चालकाच्या हातातील दांडीपासून शिफ्ट प्लेटपर्यंत एक केबल येते, आणि तेथून दुसरी, जिला खालची केबल म्हणतात, पिछाडीच्या फळीतून पार होऊन पायापर्यंत जाते. जेथे ती पाण्याच्या बाजूस निघते, तेथे तिच्या संरक्षणार्थ रबराचा एक बारीक बेलोज असतो. कालांतराने ह्या रबराला चीर पडते, पाणी आवरणात शिरते, आतली तार गंजते, आणि जी केबल दोन बोटांनी सरकावयास हवी ती जोर लावल्याशिवाय हलेनाशी होते. मग शिफ्ट प्लेटला जो प्रतिकार जाणवतो तो दात्यांचा नसून गंजाचा असतो. पण स्विचला तो भेद कळण्याचा मार्ग नाही. तो दाबलेलाच राहतो, आणि इंजिन अडखळून सावरण्याऐवजी बंद पडते. मामलेदार कचेरीतून निघालेला हुकूम वाटेतच अडकून पडावा आणि दिरंगाईची जबाबदारी गावच्या पाटलावर यावी, तसा येथे आरोप बिचाऱ्या स्विचवर येतो.

ह्या आरोपावरून जी शिक्षा दिली जाते तिचा मला मनापासून निषेध करावयाचा आहे. स्विचची तार काढून टाकली, की इंजिन बंद पडत नाही, हे खरे. निदानासाठी ती घटकाभर काढून पाहण्यासही प्रत्यवाय नाही, कारण तार काढूनही इंजिन बंद पडतच असेल तर दोष इंधनाचा किंवा मंदगतीचा आहे, आणि बंद पडणे थांबले तर संशय केबलवर पक्का होतो. परंतु तोच इलाज समजून बोट पाण्यात नेणे म्हणजे दात्यांची झीज ओढवून घेणे, आणि त्याहूनही भयंकर म्हणजे, ऐन धक्क्याजवळ, जेथे मुले पोहत असतात, तेथे गिअर निघणार नाही अशी स्थिती स्वतः निर्माण करणे होय.

तपासाचा योग्य क्रम असा. इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी आणि शिफ्ट प्लेटवरील दोन्ही केबलींची टोके सोडवावी. चालकाची दांडी आता जड लागली, तर वरची केबल किंवा दांडीची पेटी दोषी. ती हलकी असेल, तर खालच्या केबलीचे टोक हाताने मागेपुढे करून पाहावे, आणि त्या वेळी सोबत्याने प्रोपेलर सावकाश फिरवावा, कारण इंजिन थांबलेले असताना दाते समोरासमोर येऊन अडणे स्वाभाविक आहे, आणि त्या स्थितीत दांडी रेटणाऱ्याने पुष्कळदा चांगली केबल वाकविली आहे. एवढे करूनही केबल जड असेल, तर गिअर पुढच्या स्थितीत ठेवून, सहा नट काढून, पाय उतरवावा, आणि पुन्हा पाहावे. पाय उतरल्यावरही केबल जडच राहिली तर तीच अपराधी. मोकळी झाली तरच पायाच्या अंतर्भागाची चौकशी आरंभावी. हा क्रम उलटा धरून, आधी पाय खोलून मग केबलकडे वळणाऱ्या कारागिराचे बिल मोठे होते, दोष मात्र जागेवर राहतो.

अन्य कारणे थोडक्यात सांगतो. इंजिनाची मंदगती मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांच्या बरीच वर गेली असेल, तर गिअर धडाक्याने पडतो. तो कचरत, हळूहळू टाकण्याची सवयही दात्यांच्या कडा गोल करते, म्हणून निःसंकोच एका झटक्यात टाकावा. कडा गोल झाल्या, की भार येताच गिअर आपोआप सुटतो. इंजिन गर्जते पण बोट हलत नाही, अशा वेळी प्रोपेलरच्या मध्यातील रबर निसटलेले असण्याचा संभव असतो. मध्यावर आणि पात्याच्या बुंध्यावर मिळून पाण्याने न पुसणारी एक सरळ रेघ ओढून बोट चालवावी, रेघ तुटली तर निकाल लागला. पायातील तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे.

व्होल्वोच्या पायात दात्यांऐवजी शंकूच्या आकाराचा क्लच वरच्या भागात असतो, सबब तेथे दोष घसरण्याच्या रूपाने प्रकट होतो. ओएमसी ह्या आणखी एका कंपनीच्या साठ-सत्तरच्या दशकांतील काही पायांत तर गिअर विजेने पडतो आणि त्यांना विशिष्ट तेल लागते. ती कंपनी २००० साली दिवाळखोरीत निघाल्यामुळे त्यांचे सुटे भाग शोधणे हाच मोठा उद्योग होऊन बसला आहे.

तेव्हा ज्यांनी जुनी अल्फा विकत घेतली आहे आणि खालची केबल केव्हा बदलली ह्याची ज्यांच्याजवळ काही नोंद नाही, त्यांना माझी विनंती एवढीच, की ह्या हंगामात पाय कोणत्याही निमित्ताने उतरवाल तेव्हा ती केबल आणि तिचा बेलोज ही दोन्ही नवी बसवून घ्या, आणि त्याची तारीख इंजिनाच्या झाकणावर आतल्या बाजूस लिहून ठेवा.