काटगावचं हसू

(नांदेड येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संक्षेपाने)



विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या भांडणात मी पडणार नाही. नांदेडकरांपुढे लातूरच्या माणसाचं कौतुक करायला उभा राहिलोय, एवढा धोका आजच्यापुरता पुष्कळ झाला.

आधी इंग्लंडला जाऊन येऊ. विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस, जन्म १८८१. नव्वदाहून अधिक पुस्तकं. आपले पुलं त्यांचे भक्त. वुडहाउसच्या कादंबरीतल्या गढीवर कायम कोवळं ऊन असतं आणि गढीच्या मालकाला काळजी एकच, आपल्या डुकरिणीला प्रदर्शनात बक्षीस मिळेल का! इंग्रजाला ऊन म्हणजे सुख. आमच्या लातूरला मात्र २०१६ साली पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. अशा मुलखात विनोद लिहायचा म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायचं!

ते रा. रं. बोराडे यांनी केलं. २५ डिसेंबर १९४० चा जन्म, गाव काटगाव, तालुका लातूर. वैजापूर, परतूर आणि पुढे देवगिरी महाविद्यालय, असं प्राचार्यपण भोगलं. पण बोली मात्र गावाकडचीच ठेवली. १९७१ साली ‘पाचोळा’ कादंबरी आली. शिंप्याच्या बायकोने सांगितलेली ती संसाराची पडझड वाचून महाराष्ट्र हळहळला, आणि आपण बोराड्यांना तिथंच बसवून ठेवलं.

पण ‘फजितवाडा’ हे हसरं पुस्तकही त्यांचंच. आणि ‘आमदार सौभाग्यवती’? नुसतं नाव बघा. लग्नपत्रिकेत बाईच्या नावाआधी ‘सौ.’ येतं. इथं ‘आमदार’ पुढं जाऊन बसलीय आणि सौभाग्य मागच्या बाकावर. शीर्षकातच घर उलटंपालटं झालं! आता नवऱ्याने बसायचं कुठं, हे वाचकाने ठरवावं.

वुडहाउस आणि बोराडे, दोघांची रीत एकच. त्यांची माणसं सहसा विनोद करत नाहीत. ती गंभीरपणे बोलतात, म्हणूनच आपण हसतो. तिकडे डुकरिणीपायी झोप उडते, इकडे पुढारपणापायी. फरक एवढाच, की वुडहाउसकडे फजिती झाली तर फार तर जेवण थंड होतं. बोराड्यांकडे चूल विझू शकते. म्हणून त्यांचं हसू कमी नाही, महाग आहे.

वुडहाउसना ‘सर’ केलं ते १९७५ च्या आरंभी. १४ फेब्रुवारीला ते गेले. बोराड्यांना राज्य शासनाचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला आणि तो हाती पडण्याआधीच, ११ फेब्रुवारी २०२५ ला ते गेले. हसवणाऱ्याच्या दारी मान उशिरानेच पोचतो.

तेव्हा एक विनंती. ‘पाचोळा’ तुमच्या कपाटात असेलच. तिच्या शेजारी बोराड्यांचं हसरं पुस्तकही ठेवा. मनात वाचू नका, घरात चार माणसं बसवून मोठ्यानं वाचा. ही बोली कानानं वाचायची असते.