धुळींतलें सोनें

सोन्याचा शोध म्हटला, कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें. अफाट ओसाड माळ, माथ्यावर तळपणारा सूर्य, आणि कानांना कर्णे लावून जमिनीवरून एक चकती हळूहळू फिरवीत चाललेला एकटा मनुष्य. मध्येंच कानांत स्वर उमटतो, मनुष्य गुडघे टेकतो, टिकावाचे दोन घाव घालतो, आणि तांबड्या मातीच्या ढेंकळांतून सोन्याचा खडा त्याच्या हातीं येतो! हें चित्र खोटें नाहीं. परंतु जेथील खडकांत सोन्याचा मागमूसहि नाहीं, अशा पुणें शहरांत पिढ्यान्पिढ्या सोनें शोधून त्यावर पोट भरणारीं माणसें आहेत, हें पुष्कळ पुणेकरांच्या गांवींहि नसतें. त्यांना झारेकरी म्हणतात. त्यांचें काम नीट समजावयाचें, तर आधीं त्या माळावरील माणसाजवळ थोडा वेळ उभें राहिलें पाहिजे.

त्याच्या हातांतील यंत्राला धातुशोधक म्हणतां येईल. लोकांच्या तोंडीं मात्र ‘मेटल डिटेक्टर’ हाच शब्द रुळला आहे. मोठ्या देवळांच्या दारांत ज्या चौकटीखालून जावें लागतें, आणि खिशांतील किल्ल्यांचा जुडगा जिला खपत नाहीं, तिची ही धाकटी बहीण. तत्त्व साधें आहे. चकतीच्या पोटांत तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सारखा बदलणारा विद्युत्प्रवाह खेळविला, कीं सभोंवतीं तसेंच बदलणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्याच्या टापूंत धातूचा तुकडा आला, म्हणजे त्या तुकड्याच्या अंगांत विजेचे लहान लहान भोंवरे उठतात, आणि त्या भोंवऱ्यांचें स्वतःचें दुबळें क्षेत्र परत वर येऊन यंत्राला जाणवतें. विहिरींत हांक मारावी आणि प्रतिध्वनि ऐकावा, तसाच हा प्रकार. मात्र ओ देणारा कोण, हें यंत्राला नीटसें ओळखतां येत नाहीं. सोनें, शिसें, बाटलीचें झांकण, जुन्या बंदुकीची गोळी, सारींच ओ देतात.

ही अडचण यंत्राच्या जन्मापासूनची आहे. १८८१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गार्फील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरांत कोठें रुतली आहे, तें डॉक्टरांना कळेना. तेव्हां टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यानें असलें एक यंत्र घाईघाईनें तयार करून आणलें. यंत्र वाईट नव्हतें; पण अध्यक्षांच्या गादींत पोलादी तारा होत्या, आणि डॉक्टरांनीं जी कूस तपासूं दिली तीहि चुकीची होती. गोळी सांपडली नाहीं, आणि सप्टेंबरांत अध्यक्ष वारले. पुढें १९३० नंतरच्या दशकांत गेरहार्ड फिशर यानें अमेरिकेंत या यंत्राचें पेटंट घेतलें. १९४२ सालीं एल अलामेनच्या वाळूंत पुरलेले सुरुंग हुडकण्यासाठीं पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यानें रचलेलीं यंत्रें उपयोगी पडलीं. वाळवंटाशीं या यंत्राची मोठी गांठ पडली ती अशी, मरण चुकविण्याच्या कामीं. सोनें मागाहून आलें.

आतां, ओसाड मुलुखांत सोन्याचे खडे इतके वरच्यावर कां सांपडावे? सोनें मुळांत गारेच्या शिरांतून खडकांत बसलेलें असतें. लक्षावधि वर्षें ऊन, वारा आणि क्वचित् येणारा लोंढा यांनीं खडक झिजतो, हलकी माती निघून जाते. गार पाण्याच्या अडीचपटींहून थोडी जड. सोनें एकोणीसपटींहूनहि अधिक जड. शिवाय तें गंजत नाहीं, कुजत नाहीं. सगळें निघून गेलें तरी तें आपल्या जागीं किंवा जागेच्या जवळपास बसून राहतें. १८६९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत मोलियागुल येथें जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना जो ‘वेलकम स्ट्रेंजर’ नांवाचा प्रचंड खडा मिळाला, तो झाडाच्या मुळांशीं जेमतेम इंचभर मातीखालीं होता. वजन ७० किलोहून अधिक! तोलावयास तेवढा कांटा मिळेना, म्हणून ऐरणीवर घालून त्याचे तुकडे करावे लागले. त्याच प्रांतांत १९८० सालीं किंगोवर गांवाजवळ केव्हिन हिलियर याला धातुशोधक यंत्रानें २७ किलोंचा खडा मिळाला. आपल्या हिशेबानें सुमारें २,३३० तोळे.

पण अशा खड्यांच्या गोष्टींनीं भुलण्यासारखें कांहीं नाहीं. त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि रिकाम्या हातीं परतलेल्यांची गणती कोणी ठेविली नाहीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील कूलगार्डी येथें १८९२ सालीं सोनें लागलें, आणि पुढच्याच वर्षीं कालगुर्ली येथें. झुंडीच्या झुंडी तिकडे धांवल्या. तेथें माती धुवावयास पाणीच नव्हतें. पिण्याचें पाणीसुद्धां भारी दरानें विकत घ्यावें लागे. तेव्हां त्या लोकांनीं काय केलें? खळ्यांत उभा राहून आपला शेतकरी जें करितो, तेंच. सोन्याची माती वाऱ्यावर उफणली. उंच धरलेल्या परातींतून माती खालच्या परातींत सोडावयाची. धूळ वाऱ्याबरोबर जाई, जड तें खालीं पडे. १९०३ सालीं पांचशें किलोमीटरांहून लांबून नळानें पाणी आलें, तोंवर हाच क्रम चालू होता. अलीकडे सुदानच्या वाळवंटांत हजारों गरीब लोक हीं यंत्रें घेऊन उतरले आहेत, आणि १९२३ नव्हे, २०२३ सालापासून तेथें पेटलेल्या यादवी युद्धाला तेंच सोनें पैसा पुरवीत आहे. मनुष्य सोन्यासाठीं काय काय करतो, याला शंभर वर्षांचें अंतर फारसें बाधत नाहीं.

पुण्याजवळच्या टेंकड्यांवर असें यंत्र फिरविलें तर? पर्वती घ्या, सिंहगड घ्या, सगळा काळा पाषाण. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळलेल्या तप्त रसाचे हे थर. त्यांत सोन्याच्या शिरा नाहींत. चुंबकाला ओढले जाणारे लोहाचे कण मात्र भरपूर आहेत, आणि त्यांच्या कुरकुरीनें यंत्राचा कान किटून जावा. सोनें पिकतें तें फार जुन्या खडकांत, जसे कोलारचे, हट्टीचे, किंवा आपल्या नागपूर-भंडारा भागांतले. तेथेंहि यंत्र घेऊन कोणीं मनास येईल तसें खणावें, अशी मुभा नाहीं. खनिजांसाठीं १९५७ चा कायदा आहे, आणि पुरलेल्या धनासाठीं १८७८ सालींच कायदा झाला. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडला, तर कलेक्टरास वर्दी देणें त्यानें बंधनकारक केलें.

तेव्हां पुण्याचें सोनें जमिनींतून निघत नाहीं. तें पेढ्यांतून येतें, बँकांतून येतें, घरोघरच्या मोडींतून येतें. आणि रविवार पेठ, बुधवार पेठ, सोन्या मारुति चौक या भागांतील बोळांत, जुन्या वाड्यांच्या माड्यांवर, सोनार आणि अलीकडे पुष्कळसे बंगाली कारागीर त्याचे दागिने घडवितात. कानस चालली, कीं सोन्याचा कीस उडतो. कांहीं पुढ्यांतील फळीवर राहतो, कांहीं कारागिराच्या सदऱ्यावर, केसांत, तळपायांस चिकटतो. सोनार कांहीं आंधळा नसतो. तो हात धुतलेलें पाणीहि सांठवून ठेवतो, जुनी चटई जाळून तिची राख राखतो. तरी जिना उतरतांना, दारांत पाय झटकतांना, थोडें सोनें बाहेर जातेंच. जिन्याच्या पायरींतील भेग, दाराची चौकट, गटाराचें तोंड, फरशांमधील सांधे, या झारेकऱ्याच्या खाणी.

दिवस उजाडण्यापूर्वीं, झाडूवाल्यांच्या आधीं, तो आणि पुष्कळदां घरची बाईहि कुंचा आणि घमेलें घेऊन बोळांत येतात. दोन फरशांमधली माती ते दांत कोरावे तशी कोरून काढतात. वाटेनें जाणाऱ्याला ती निव्वळ घाण दिसते. घरीं नेल्यावर उथळ पाटींत पाणी घालून ती माती धुवावयाची. एका लयींत पाटी हालवावी लागते. हात किंचित् जोरानें हालला तर सोनेंहि पाण्याबरोबर जातें, आणि फार सावकाश हालला तर माती सुटत नाहीं. तळाशीं जो काळसर गाळ उरतो, त्यांतला लोखंडाचा कीस लोहचुंबकानें वेंचून काढतात. मग पारा. पारा सोन्याला आपल्या अंगांत ओढून घेतो. तो गोळा फडक्यांतून पिळून, उरलेला भाग तापविला कीं पारा उडून जातो आणि भुरकट डाग राहतो. त्यांत चांदी-तांबें मिसळलेलें असतें, तें तेजाबानें काढतात. शेवटीं मुशींत टाकणखार घालून आटविलें, म्हणजे एक लहानसा मणी तयार होतो. सराफ तो कसोटीवर घासून कस पाहतो आणि त्याप्रमाणें दाम देतो.

रस्त्यावरची माती फुकट मिळते. कारखान्यांतली विकत घ्यावी लागते. वर्षाची किंवा महिन्याची झाडलोट, राख, जुन्या मुशींचीं खापरें, सारें एका ढिगांत, आणि त्या ढिगाचा सौदा. या सौद्यांत झारेकऱ्याची खरी परीक्षा असते. धनी म्हणतो, ‘मामा, वर्षभराची माती आहे, आंकडा नीट बोला.’ मामा मूठभर माती तळहातावर घेऊन बोटानें पसरतात, उजेडाकडे धरतात. ‘शेट, यंदा हातकाम कमी, सांच्याचेंच जास्त. मातींत दम नाहीं.’ दोघांनाहि ढिगांत किती सोनें आहे तें ठाऊक नसतें, परंतु रोख पैसा आधीं एकालाच द्यावा लागतो. अंदाज चुकला तर दोन-तीन महिन्यांची मजुरी आणि उसने घेतलेले पैसे, दोन्ही बुडतात. शेअरबाजाराच्या उलाढालींवर पानेंच्या पानें लिहिलीं जातात. या बाजाराचा उल्लेखहि कोठें आढळत नाहीं.

मग झारेकऱ्यानें तें वाळवंटांतलें यंत्र कां घेऊं नये? श्रोत्यांपैकीं कोणाच्या तरी मनांत हा प्रश्न आलाच असेल. चांगलें यंत्र गुंजभर वजनाचा खडा, म्हणजे सुमारें १२१ मिलिग्रॅमचा, दोन-तीन बोटें खोलीवर ऐकूं शकतें. पण कानशीचा कीस म्हणजे गुंजेचाहि शंभरावा भाग, किंवा त्याहून लहान. अशा कणांत विजेचे भोंवरे उठतात न उठतात तोंच विझून जातात; यंत्रापर्यंत त्यांची ओ पोंचत नाहीं. आणि पेठेंतला रस्ता तरी कसला? खिळे, टांचण्या, दुधाच्या पिशव्यांचे चंदेरी कपटे, खालून गेलेले नळ आणि विजेच्या तारा. बेलसाहेबांच्या गादीसारखीच गत व्हावयाची. हा कण पाण्यानेंच पकडावा लागतो आणि त्याला तोलणारें यंत्र मनगटांतच असतें.

ही विद्या केवळ शहरी नव्हे. वैनगंगेच्या खोऱ्यांत आणि मध्य प्रदेशांत नदीच्या वाळूंतून सोनें धुणारे सोनझारी लोक प्रसिद्ध आहेत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जातिजमातींवरील ग्रंथांत त्यांची माहिती आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत गोंडांच्या गटांत ‘सोनझारी झरेका’ असें एक नांव येतें. नदीची वाळू असो कीं रविवार पेठेंतलें गटार, पाटी हालविण्याची रीत तीच.

मात्र या धंद्याची जी किंमत झारेकऱ्याचें शरीर भरतें, ती कोणत्याच सौद्यांत धरलेली नसते. पारा ३५७ अंशांवर उकळतो, पण त्याची वाफ त्याच्या फार आधींपासून सुटत असते. तिला रंग नाहीं, वास नाहीं. ती फुप्फुसांवाटे रक्तांत जाते आणि मज्जातंतूंवर घाला घालते. प्रथम बोटें थरथरूं लागतात, मग झोंप जाते, स्मरण मंदावतें. ज्याचा सारा चरितार्थ स्थिर हातावर, त्याचाच हात कांपूं लागावा! तेजाबाचा तांबूस धूर छातींत बसतो तो वेगळाच. घर एकच खोलीचें असेल, तर चुलीजवळ मुलेंहि असतात. २०१३ सालीं जगांतील राष्ट्रांनीं पाऱ्याविषयीं ‘मिनामाता करार’ केला आणि भारतानें २०१८ सालीं त्याला मान्यता दिली. लहान प्रमाणावर सोनें काढणाऱ्यांच्या हातून पारा सोडविणें हा त्याचा एक हेतु आहे. करार झाला, हें उत्तमच. परंतु पुण्याच्या बोळांत तो नेऊन पोंचविणारें कोणी पाहिजे. उपाय अवघड नाहीं. तोंड बंद असलेल्या लोखंडी भांड्यांत गोळा तापवून, वाफ एका नळीनें थंड पाण्याखालीं सोडली, तर ती पुन्हां पारा होऊन हातीं येते. झारेकऱ्याचा पारा वांचतो आणि छातीहि वांचते. चांगल्या लोहारानें असें भांडें सहज बनवावें.

इकडे धंदाहि आटत चालला आहे. दागिने सांच्यांतून निघूं लागले. मोठ्या कारखान्यांत धूळ ओढून घेणारीं यंत्रें बसलीं, आणि तिथली माती थेट सोनें शुद्ध करणाऱ्या कंपन्यांकडे जाते. झारेकऱ्याच्या वांट्याला लहान कारागीर आणि उघडा रस्ता एवढेंच राहिलें. त्यांतहि ज्येष्ठापासून पुढचे चार महिने मंदीचे. पहिली जोराची सर आली, कीं फरशांच्या सांध्यांतली माती गटारांत, गटारांतून नागझरींत, आणि नागझरींतून मुठेच्या पाण्यांत जाते. म्हणून वैशाखाचे शेवटचे दिवस त्याच्या धांवपळीचे असतात.