सुईचा नेम आणि अहवालाचा विश्वास



‘बायोप्सी’ हा शब्द कानी पडताच घरात चिंता पसरते आणि ‘कर्करोग आढळला नाही’ असा अहवाल हाती येताच घर निर्धास्त होते. परंतु अहवाल केवळ सुईने काढलेल्या तुकड्यांविषयी सांगतो. सुई जेथे पोहोचलीच नाही, तेथील स्थिती त्यात उमटत नाही. म्हणूनच सुईचा नेम हा या तपासणीचा प्राण होय. पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या उदाहरणावरून हे विशेष स्पष्ट होते.

१९८९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने या ग्रंथीच्या ठरावीक सहा भागांतून नमुने घेण्याची पद्धत मांडली. पुढे ही संख्या दहा-बारापर्यंत गेली. मात्र सोनोग्राफीत ग्रंथीची सीमा स्पष्ट दिसली, तरी आतील गाठ पुष्कळदा वेगळी ओळखू येत नाही. ताग्यातील डाग न पाहता ठरावीक अंतरावर कात्री चालवावी, तसा हा प्रकार होता. विशेषतः ग्रंथीच्या पुढील भागातील गाठ सहज निसटून जाई.

एमआरआयने या उणिवेवर मार्ग दाखविला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘प्रॉमिस’ अभ्यासात ५७६ पुरुष सहभागी होते. उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाच्या कर्करोगांपैकी जुन्या पद्धतीच्या बायोप्सीने ४८ टक्के, तर एमआरआयने ९३ टक्के हेरले. २०१८ च्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात ११ देशांतील ५०० पुरुष होते. तेथे एमआरआय पाहून नेमक्या जागी सुई घातल्यावर असे कर्करोग ३८ टक्के पुरुषांत सापडले. जुन्या पद्धतीने २६ टक्क्यांत. एवढेच नव्हे, तर एमआरआय झालेल्या गटातील २८ टक्के पुरुषांना सुई टोचण्याची गरजच उरली नाही.

या पद्धतीत डॉक्टर एमआरआयवर संशयित जागा रेखून घेतात. संगणक ते चित्र सोनोग्राफीच्या चालू चित्रावर बसवितो आणि त्या आधारे सुई नेली जाते. तथापि सोनोग्राफीच्या उपकरणाचा दाब किंवा रुग्णाची किंचित हालचाल यांमुळे ग्रंथी सरकते आणि दोन चित्रांत काही मिलिमीटरांचा फरक पडतो. लहान गाठ चुकण्यास तेवढा फरक पुरेसा असतो. म्हणून एकाच जागेचे अनेक नमुने, तसेच भोवतालचेही काही नमुने घेणे हिताचे ठरते. एमआरआय वाचणाऱ्याचा आणि सुई धरणाऱ्याचा अनुभवही तितकाच मोलाचा असतो.

एमआरआय निर्दोष आला, तरी धोका पूर्णपणे टळला असे नाही. डॉक्टरांनी सांगितलेली पुढील तपासणी चुकवू नये. एमआरआय शक्यतो बायोप्सीपूर्वी करावा. कारण सुईमुळे झालेला रक्तस्राव काही आठवडे चित्र अस्पष्ट करतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. स्वतःहून ती बंद करू नयेत. आणि अहवाल हाती घेताना एक प्रश्न नम्रपणे विचारावा : “संशयित जागेचाच नमुना मिळाला आहे ना?” एमआरआय व अहवाल यांचा मेळ बसत नसेल, तर फेरतपासणीविषयी विचारण्यात डॉक्टरांवरील अविश्वास नाही. घरातील वडीलधारे संकोचाने हा प्रश्न विचारीत नाहीत. तो मुलांनी विचारावा.