५३ हजार माणसं कुणाला बघायला आली होती?

आज आम्ही तुमच्याशी फुटबॉलबद्दल बोलणार आहोत. "हा कुठं बायांचा विषय?" असं घरातून कुणी म्हणालं, तर त्यांनाही शेजारी बसवून घ्या.

कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना फुटबॉलचं वेड काय असतं ते सांगायला नको. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशी तिथल्या संघांची नावं. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेत दुसरा विषय नसतो. सामना संपला, तरी बोलणं संपत नाही. कट्ट्यावर जुनी माणसं बसतात. कोणत्या सालच्या फायनलला कुणी गोल मारला, कुणाचा डावा पाय कसा होता, पावसात गर्दी कशी उभी राहिली, सगळं नावानिशी निघतं. खेळाडू म्हातारे होतात, नवे येतात, पण आठवण सांगणारं कुणीतरी असतं. म्हणून क्लब तोच राहतो.

या आठवणींत बाई कुठं भेटते? बहुतेक वेळा दारात, वाट बघणारी. म्हणून आज आम्ही लांबच्या एका क्लबाची गोष्ट आणली आहे. तिथं मैदानात बायाच होत्या, आणि त्यांना बघायला हजारो लोक तिकीट काढून येत होते. त्या क्लबाची आठवण कशी पुसली गेली आणि कुणी परत उजेडात आणली, तेही आज बघू.

इंग्लंडच्या उत्तर भागात प्रेस्टन नावाचं शहर आहे. आपल्या इचलकरंजीसारखं, कापडगिरण्यांचं आणि कामगारांचं. तिथं 'डिक कर' नावाचा मोठा कारखाना होता. पहिलं महायुद्ध १९१४ साली सुरू झालं, पुरुष लढाईवर गेले आणि कारखान्यांतली कामं बायांच्या अंगावर आली. या कारखान्यात त्या तोफगोळे तयार करायच्या. काम जोखमीचं, पाळ्या लांबलचक.

जेवणाच्या सुट्टीत या मुली कारखान्याच्या आवारात चेंडू खेळायच्या. १९१७ साली कारखान्यातल्या पोरांचा संघ सारखा हरत होता. मुलींनी त्यांची चेष्टा केली, आणि चेष्टेतून पैज लागली, की तुम्हीच खेळून दाखवा. ग्रेस सिबर्ट नावाच्या कामगार बाईनं पुढाकार घेतला. तिचा नवरा युद्धात शत्रूच्या कैदेत होता. कारखान्याच्या ऑफिसातले अल्फ्रेड फ्रँकलंड यांनी संघाची व्यवस्था बघायची जबाबदारी घेतली. संघाचं नाव पडलं 'डिक कर लेडीज'.

१९१७ सालच्या नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर त्यांचा पहिला मोठा सामना झाला. दुसऱ्या कारखान्यातल्या बायांचा संघ समोर होता. बघायला १० हजार माणसं आली. डिक करच्या मुलींनी ४-० असा सामना जिंकला. तिकिटाचे पैसे जखमी सैनिकांच्या दवाखान्याला गेले.

इथून त्यांचं नाव झालं. दवाखाने, अपंग होऊन परतलेले सैनिक, कामावाचून बसलेले सैनिक, जो मदतीसाठी बोलावील त्याच्यासाठी त्या खेळायच्या. १९२० साली फ्रान्सहून बायांचा संघ आला, तेव्हा प्रेस्टनला २५ हजार लोक जमले. त्याच वर्षी डिसेंबरात रात्रीचा सामना ठरला. मैदानावर दिवे नव्हते. मग काय केलं? विमानं शोधायला लष्कर जे झोतदिवे वापरायचं, तसे दोन दिवे सरकारची परवानगी काढून आणले. अंधारात दिसावा म्हणून चेंडू पांढरा रंगवला. थंडीच्या त्या रात्री १२ हजार लोक बघायला आले होते.

आणि मग आला तो दिवस, ज्याची आठवण त्या भागातली माणसं आजही काढतात. २६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूल शहरातलं गुडिसन पार्क मैदान. समोर सेंट हेलन्स गावचा बायांचा संघ. मैदानात ५३ हजार माणसं बसली-उभी राहिली, आणि जागा नाही म्हणून हजारो लोक फाटकाबाहेरून परत गेले. आपल्या तालुक्याच्या गावची सगळी लोकसंख्या डोळ्यांपुढे आणा. तेवढी माणसं एका मैदानात, बायांचा खेळ बघायला!

त्या दिवशी गोल मारण्यात पटाईत असलेल्या फ्लॉरी रेडफर्डची गाडी चुकली. ती वेळेवर पोहोचलीच नाही. संघाची कप्तान होती अ‍ॅलिस केल. ती एरवी मागं राहून गोल वाचवायची. त्या दिवशी ती पुढं गेली आणि तिनं एकटीनं तीन गोल मारले. सामना ४-० असा जिंकला. गोळा झाले ३,११५ पौंड. पौंड म्हणजे तिकडचं चलन. त्या काळी ही रक्कम फारच मोठी होती.

या क्लबाच्या आठवणींत सगळ्यात जास्त नाव निघतं ते लिली पारचं. १९०५ चा तिचा जन्म, सेंट हेलन्स गावचा. भावांबरोबर चेंडू खेळत मोठी झाली. १४ वर्षांची असताना ती डिक करच्या संघात आली. उंचीला दणकट, डाव्या पायाची लाथ तोफेसारखी. पुरुष गोलकीपरानं तिला डिवचलं, "मार बघू," आणि तिचा फटका अडवताना त्याचा हातच मोडला, असा किस्सा सांगतात. चाहत्यांच्या गोष्टीत थोडा मीठमसाला असतोच! पण ती १९५१ पर्यंत खेळली आणि तिनं जवळपास हजार गोल मारले, असं मानलं जातं. कारखाना सुटल्यावर तिनं मनोरुग्णांच्या दवाखान्यात नर्सचं काम केलं. दिवसा नोकरी, सुट्टीला सामना.

सगळ्याच जणींचं असंच होतं. १९२१ या एका वर्षात या संघानं ६७ सामने खेळले, आणि तेही नोकरी सांभाळून. त्या वर्षी इंग्लंडात कोळसा खाणींतल्या कामगारांना मालकांनी कामावरून बाहेर ठेवलं होतं. त्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. बायांच्या संघांनी त्या कुटुंबांसाठीही सामने खेळून पैसे उभे केले.

आता नीट ऐका. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला, की आमच्या कुठल्याही क्लबानं आपलं मैदान बायांना खेळायला देऊ नये. गुडिसन पार्कच्या त्या सामन्याला पुरतं एक वर्षही झालं नव्हतं!

कारणं दोन दिली. पहिलं, हा खेळ बायांना शोभत नाही. काही डॉक्टरांनीही तेव्हा सांगितलं होतं, की बाईच्या शरीराला हा खेळ मानवत नाही. तोफगोळे उचलताना शरीराची काळजी कुणाला नव्हती, चेंडू मारताना मात्र झाली. दुसरं कारण पैशाचं. सामन्यातून जमलेल्या रकमेचा फार मोठा भाग खर्चात जातो आणि मदतीला पुरेसा पोहोचत नाही, असा आरोप ठेवला.

मैत्रिणींनो, हे दुसरं कारण ओळखीचं वाटलं ना? डिक करच्या खेळाडूंना सामन्यामागे दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड, खर्चापोटी मिळायचे. कामाचा खाडा व्हायचा, लांबचा प्रवास असायचा, त्याची ती भरपाई. पण बाई घराबाहेर पडून चार पैसे हाताळायला लागली, की पहिला प्रश्न हिशेबाचा येतो. बचत गटाच्या मीटिंगला तालुक्याला गेलेल्या बाईच्या एसटीच्या तिकिटावर गावात चर्चा होते. हिशेब विचारायलाच हवा, त्याला आमची ना नाही. पण हिशेब विचारणं वेगळं, आणि हिशेबाचं नाव काढून मैदानच काढून घेणं वेगळं.

ठरावानंतर चांगली मैदानं मिळेनात. तरी डिक करच्या मुली थांबल्या नाहीत. १९२२ साली त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या. तिथं त्यांच्यासमोर पुरुषांचे संघ उभे केले. त्यांच्याशी त्या खेळल्या आणि काही सामने जिंकल्याही. परत आल्यावर जिथं जागा मिळेल तिथं, फुटबॉल संघटनेच्या ताब्यात नसलेल्या मैदानांवर खेळल्या. पुढे कारखान्याशी नातं तुटलं आणि संघाचं नाव 'प्रेस्टन लेडीज' झालं, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. १९१७ ते १९६५, अशी ४८ वर्षं हा संघ खेळला. ८३३ सामने झाले, त्यातले ७५९ जिंकले, फक्त २८ हरले. शेवटी नव्या मुली मिळेनात, म्हणून संघ बंद करावा लागला. बंदी उठली १९७१ साली. तोवर संघ मोडून सहा वर्षं झाली होती.

बंदीनं मैदान तर गेलंच, आठवणही गेली. पुरुषांच्या क्लबांचे कप कपाटात ठेवले जातात, फोटो भिंतीवर लागतात, सामन्यांची पुस्तकं निघतात. या बायांची पदकं ट्रंकेत, पेपरातली कात्रणं गादीखाली, फोटो कुठल्या तरी डब्यात. नातवंडांना आजी फुटबॉल खेळायची हे माहीतही नाही, अशी घरं झाली. दोन पिढ्या गेल्यावर लोक म्हणायला लागले, की बायांचा फुटबॉल ही आत्ताची नवी टूम आहे. ५३ हजार माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं सुद्धा असं विसरलं जातं. लिली पार १९७८ साली गेली, तेव्हा तिच्या देशातल्या कितीतरी फुटबॉलवेड्यांना तिचं नावही माहीत नव्हतं.

मग ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? प्रेस्टनमधल्याच गेल न्यूशम नावाच्या बाईमुळे. ती स्वतः फुटबॉल खेळायची. आपल्याच शहरात असा संघ होऊन गेला, तर त्या बाया कुठं आहेत, असं म्हणून ती एकेकीचा पत्ता काढत गेली. ट्रंका उघडल्या, कात्रणं बाहेर आली. प्रेस्टनला दर वीस वर्षांनी मोठा नगरोत्सव भरतो. १९९२ सालच्या उत्सवात तिनं जुन्या खेळाडूंना एकत्र बोलावलं. पन्नाशी, साठी, सत्तरी ओलांडलेल्या बाया एकमेकींना भेटल्या आणि कट्ट्यावर पुरुष करतात तशा आपल्या सामन्यांच्या गोष्टी करायला बसल्या. दोन वर्षांनी, १९९४ साली, त्या आठवणींचं पुस्तक झालं.

त्यानंतर चाकं फिरली. २००२ साली इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयानं थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत लिली पारचं नाव घातलं. त्या यादीतली ती पहिली बाई. २००८ साली फुटबॉल संघटनेनं जुन्या बंदीबद्दल माफी मागितली. २०१७ साली, पहिल्या सामन्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, डीपडेल मैदानावर या संघाचं स्मारक उभं राहिलं. २०१९ साली मँचेस्टरच्या संग्रहालयात लिलीचा पुतळा बसला. आणि २०२२ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड आणि जर्मनीच्या बायांचा युरोप चषकाचा अंतिम सामना बघायला ८७ हजारांवर लोक आले. तेव्हा गुडिसन पार्कच्या ५३ हजारांची आठवण पुन्हा निघाली.

मैदान देणं न देणं दुसऱ्याच्या हातात असेल. आठवण ठेवणं मात्र आपल्या हातात आहे. गेल न्यूशमनं कुणाच्या ठरावाची वाट बघितली नाही. वही घेतली आणि म्हाताऱ्या बायांच्या दारात गेली.

तेवढं आपल्यालाही करता येईल. गटाच्या पुढच्या मीटिंगला हप्ते भरून झाले की दहा मिनिटं काढा. गावातल्या एखाद्या वयस्कर मावशीला, आत्याला बोलवा. तिला विचारा, तुम्ही लहानपणी काय खेळायचात? लंगडी, खो-खो, हुतूतू, विटीदांडू? शाळेकडून कुठं खेळायला गेलात का? कुणाला हरवलंत? खेळ कधी सुटला, आणि कुणी सोडायला लावला? गटातली लिहिती मुलगी असेल तिला रजिस्टरच्या मागच्या पानावर उतरवून घेऊ द्या. खेळणारीचं माहेरचं नाव, गाव, साल, सोबतच्या मुलींची नावं, सगळं लिहा. फोनवर आवाज घेतला तर उत्तमच. तो आमच्या केंद्रावर पाठवा, तिच्या परवानगीनं आम्ही तो ऐकवू.

आणि हो, रजिस्टरच्या पुढच्या पानांवर प्रवासखर्चही स्वच्छ लिहा. कोण गेलं, कशासाठी गेलं, तिकीट किती. कुणी विचारलं तर वही पुढं करता येते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.