शेतकरी सेंद्रिय शेतीकडे कां वळतो?

शहरांतील श्रोत्यांच्या घरीं सेंद्रिय शेतीचा विषय निघाला, कीं आरोग्याचें व निसर्गाचें नांव घेतलें जातें. वऱ्हाडांतील कपाशीवाल्याचा विचार मात्र बहुधा दुकानदाराच्या उधारीच्या वहीपासून सुरू होतो.

संकरित कपाशीचें बीं घरीं राखून पेरलें, तर पुढचें पीक मूळच्यासारखें उतरत नाहीं; म्हणून बियाणें दरसाल विकत घ्यावें लागतें. त्यामागून खत येतें, खतामागून फवारणीचें औषध. कोरडवाहू जमिनीच्या धन्यास उत्पन्न किती येईल हें सांगतां येत नाहीं. खर्च कमी करणें एवढेंच त्याच्या हातीं असतें, आणि तेथेंच त्याला घरचें शेण, पालापाचोळा व निंबोळ्या आठवतात.

दुसरें कारण भयाचें. सन २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन विसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. शेंकडों रुग्णालयांत पोंचले. अशा विषाला 'औषध' म्हणण्याची रीत कोणीं पाडली, कोण जाणे! ज्या घरानें तो हंगाम पाहिला, त्या घरांतील बाईनें नवऱ्याच्या पाठीवर पुन्हा पंप चढूं दिला नाहीं, तर नवल नव्हे.

शेणापाल्याचा मार्ग कांहीं नवा नव्हे. इंदूर येथें १९२४ ते १९३१ पर्यंत काम करणाऱ्या आल्बर्ट हॉवर्ड यांनीं काडीकचरा, शेण आणि गोमूत्रानें भिजलेली माती यांपासून सुमारें तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसविली. टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घेत. १९३१ मध्यें यशवंत वाड यांच्यासह त्यांनीं ही पद्धत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. शिकवावयास आलेल्या ह्या गृहस्थानें हिंदी शेतकऱ्यालाच आपला गुरु मानिलें, हें विशेष.

मग सारेच कां वळत नाहींत? ज्याच्या गोठ्यांत जनावर नाहीं, त्याला शेणहि विकतच घ्यावें लागतें. आरंभीं उत्पन्न बहुधा घटतें. शिवाय प्रमाणपत्राच्या नियमाप्रमाणें कपाशीसारख्या हंगामी पिकासाठीं पेरणीपूर्वीं साधारण दोन वर्षें रासायनिक द्रव्यें वर्ज्य करावीं लागतात. त्या काळांत तूट सोसावयाची सेंद्रिय शेतीची, आणि भाव मिळावयाचा साध्या मालाचा. ही दोन वर्षें घर कशावर चालावें?

म्हणून शहाणा शेतकरी प्रथम एकच एकर निवडतो. तेथें कपाशींत तुरीच्या ओळी घालतो, शेणखत पसरतो. उरलेल्या रानांत पूर्वींचेंच खत पडत असतें. कडव्या प्रचारकांस ही तडजोड रुचत नाहीं. त्याला त्यांची फिकीर नसते. हंगाम संपल्यावर दुकानदाराच्या वहींत त्या एकरापायीं किती रक्कम चढली, तेवढें तो पाहतो.